टकटक मिस्त्रींचा गुडघा आणि दोन दवाखान्यांच्या फरश्या

मिस्त्री आपल्या बायकोला पहिल्यांदा भेटले ते टेबलाखाली. लग्नाचं विचारायला म्हणून ते तिच्या घरी गेले, उंबरठा ओलांडला आणि कोणाशी एक शब्द न बोलता तिथेच उकिडवे बसून बोटाच्या पेराने जमिनीवर टकटक करू लागले. भावी सासऱ्यांना वाटलं, जावई व्हायच्या आतच गेला. ते पाणी आणायला धावले. सासूबाईंना वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी पडलंय. त्या खाली बसून शोधू लागल्या. मग धाकटा मेहुणा बसला, शेजारीण बसली आणि जिच्यासाठी हा खटाटोप तीही बसली. घटकाभर अख्खं घर रांगत होतं. टेबलाखाली तिचं आणि मिस्त्रींचं डोकं असं आपटलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकली.

"काय हरवलंय तुमचं?" तिने कपाळ चोळत विचारलं.

"माझं काही नाही हरवलं! तुमच्या तीन फरश्या पोकळ आहेत. कोणत्या गाढवाने बसवल्या?"

गाढव पाण्याचा पेला घेऊन मागेच उभं होतं.

तरीही लग्न झालं. 'टकटक मिस्त्री' हे नाव मात्र त्या पहिल्या भेटीच्या दिवशीच चिकटलं. फरशी बसवणं हा मिस्त्रींचा धंदा आणि फरशीवरून माणूस ओळखणं हा त्यांचा धर्म. फरशी ठोकल्यावर भरीव वाजली तर घरातला माणूस भरीव, बद्द वाजली तर तो पोकळ. लेकीची शाळासुद्धा त्यांनी व्हरांडा ठोकून निवडली होती.

उभा जन्म उकिडवं बसण्यात गेल्यावर एक दिवस डावा गुडघा बोलू लागला. वाटीच्या खाली सुरी खुपसल्यासारखं दुखे. महिने गेले, तेलं झाली, शेक झाले, दुखणं जागचं हलेना. मिस्त्री दुखण्यापेक्षा अपमानाने जास्त विव्हळत. "इतकी वर्षं मी पोसलं याला! आणि उलटला कधी, तर लेकीचं घर व्हायच्या वेळी!"

खरी कळ तीच होती. लेकीने नवं घर घेतलं होतं आणि तिथली फरशी आपल्याच हातची असणार, हे मिस्त्रींनी गावभर सांगून ठेवलं होतं. नाहीतर ते काम मेहुण्याकडे गेलं असतं. तोही फरशीच बसवायचा, पण काहीही विचारलं तरी "चालेल" म्हणायचा, म्हणून मिस्त्री त्याला चालेलच म्हणत. "त्या चालेलची फरशी माझ्या लेकीच्या घरात? त्यापेक्षा तिने मातीत राहावं!"

बायकोने त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गुडघा दाबून, वाकवून, मशीन फिरवून पाहिला.

"वाटीखालची दोरी आहे ना, कंडरा म्हणतात तिला, ती झिजलीय. आधी व्यायाम करायचा, रोज आणि नेटाने. काही महिने उकिडवं बसणं बंद. एवढ्याने नाहीच भागलं, तर तुमचंच थोडं रक्त काढून, त्यातला कामाचा भाग वेगळा करून तिथे टोचता येईल. पण त्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही, हे आत्ताच सांगते."

"माझंच रक्त काढून मलाच टोचणार?" मिस्त्री कडाडले. "मग मीही उद्या तुमचीच फरशी उखडून तुम्हालाच बसवतो! उखडायलाच हवी म्हणा. दारापाशी अख्खी ओळ पोकळ आहे!"

"अहो, हळू बोला," बायको म्हणाली.

"हळू कशाला? जिला पायाखालचं कळत नाही, ती माझ्या पायातलं काय बघणार?"

दुसरा दवाखाना त्यांनी स्वतः शोधला. आत पाय टाकताच मिस्त्री हरखले. काय तो ढाळ, काय ते सांधे! टेकायला घेतलेल्या काठीने कुठेही ठोका, भरीव! इथल्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "दुखणं दबेल, पण दोरी बरी झाली असं समजू नका. गुडघा जपा." त्यातलं "दुखणं दबेल" एवढंच मिस्त्रींनी ऐकलं. बाकी सगळा वेळ ते कोपऱ्यातला सांधा न्याहाळत होते.

आठवड्यात मिस्त्री जिने चढू लागले आणि उकिडवे बसून कामाला भिडले. दुखणं परत आलं, तसे तेही दवाखान्यात परत गेले. डॉक्टर नको म्हणाले, तेव्हा मिस्त्री इतके भांडले की डॉक्टरांनी दिलंच. मग आणखी एकदा.

"दुखत नाही म्हणजे बरं झालं असं असतं का हो?" बायको म्हणायची. "फ्यूज काढला म्हणजे वायर दुरुस्त होते?"

"तू त्यांची फरशी पाहिली आहेस का?"

लेकीच्या घरी मिस्त्रींनी पहिली ओळ घातली. ओळ अशी की डोळ्यांचं पारणं फिटावं. दुसऱ्या ओळीसाठी फरशांचा गठ्ठा उचलून ते उभे राहायला गेले आणि गुडघ्यात फटकन आवाज झाला. मिस्त्रींनी सवयीने आधी फरशी पाहिली. फुटली नव्हती. तुटली होती ती वाटीखालची दोरी.

ऑपरेशन झालं. पुढे कुबड्यांवर उभं राहता येताच मिस्त्री तडक त्या डॉक्टरांकडे जाब विचारायला गेले. दारातच गरजले, "अशी फरशी बसवून घेणारा माणूस असा कसा निघाला?"

"फरशी?" डॉक्टर गोंधळले. "ती माझी नाही हो. मी भाडेकरू. आधी इथे चपलांचं दुकान होतं."

मिस्त्री कुबड्या वळवून आल्या पावली परतले. व्यायाम शिकायला ते डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले. पोकळ ओळीवर पाय ठेवताना दर वेळी नाक मुरडत, पण जात.

गुडघा चालण्यापुरता बरा झाला. उकिडवं बसता आलं नाही ते नाहीच. लेकीच्या घराची उरलेली फरशी चालेलने बसवली. मिस्त्रींनी काठीने ती कोपरान् कोपरा ठोकून पाहिली.

एकही पोकळ निघाली नाही.