सीटखालची पिशवी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे होतं, आणि शेवट सांगायचं माझ्या मुलींकडे. ऐंशी सालाच्या आसपास चांदवडहून नाशिकला एसटीने येतानाही तेच झालं. माझा राक्षस जंगलात शिरला नाही तोच धाकटी जांभई देत म्हणाली, "विहिरीत पडणार."

शेजारच्या अनोळखी म्हातारीनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली, पदराला बोटं पुसली आणि मुलींकडे वळली. "आता माझी ऐका. अशीच येक एसटी व्हती. अशाच दोन पोरी. त्यांच्या सीटखाली येक पिशवी, आन् त्या पिशवीत..."

तिनं पायानं हळूच काहीतरी ढोसलं. सीटखाली असा फडफडाट झाला की मुली किंचाळल्या, आणि त्यांच्याहून मोठ्यानं मी. पिशवीतून कोंबडीनं मान बाहेर काढली. मुली हसून हसून लोळल्या, कंडक्टरसुद्धा.

"भाऊ," म्हातारी मला म्हणाली, "तुमची विहीर लय लांब हाये. कोंबडी आधी ठेवायची, गोष्ट मागून सांगायची."

ती पिंपळगावला उतरली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मी घरी नुसतं 'एक होता राजा' म्हटलं, तरी दोघी आधी पाय वर घ्यायच्या. शेवट मात्र पुन्हा कुणी सांगितला नाही.