पाळीचा घोळ आणि बाबांच्या गोळ्या

माझी पाळी चुकतेय हे आईला कळलं ते माझ्या हनुवटीमुळे. रविवारी सकाळी ती माझ्या केसांना तेल लावत होती. मध्येच तिनं माझं तोंड खिडकीकडे वळवलं, चष्मा चढवला आणि म्हणाली, "हे काय उगवलंय गं तुला इथं?"

राठ काळे केस होते. मी ते चिमट्यानं उपटत असे, त्या आठवड्यात राहून गेलं होतं. मग उलटतपासणी सुरू झाली. तोंडावर पुरळ कधीपासून, कुर्ते का दाटायला लागले, आणि शेवटी आवाज एकदम खाली आणून, "पाळी कधी आली होती तुला?"

मला आठवेना. आईनं तेलाची वाटी खाली ठेवली.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि हैदराबादच्या हायटेक सिटीतल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत होते. आईचं निदान तयारच होतं. "त्या एसीनं रक्त गोठायलंय तुझं." कुठूनतरी तिनं जवसाचं औषध ऐकलं आणि बाबांना बेगम बाजारात पिटाळलं. बाबा सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि कामाच्या शोधातच होते. घाऊक बाजारात जाऊन पावशेर काय मागायचं, असं वाटून त्यांनी जवसाची गोणीच आणली. पुढचे कित्येक दिवस पोळीत जवस, वरणात जवस, ताकातसुद्धा जवस. बाबांची बद्धकोष्ठाची जुनी तक्रार पार गेली. माझी पाळी काही आली नाही.

शेवटी आम्ही आबिड्सच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तेलुगू होत्या, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांनी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

"जे विचारायचं ते माझ्यासमोर विचारा," आई मराठीतच म्हणाली. बाईंना ते बरोबर कळलं. त्यांनी हसून दार दाखवलं. पाच मिनिटांनी मी बाहेर आले तेव्हा आईचा चेहरा असा होता की जणू मी आत गुपचूप लग्न लावून आले होते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइडचीही झाली. मग सोनोग्राफी. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन यायचं आणि लघवी रोखून धरायची. सोनोग्राफी सेंटरच्या बाकांवर जिकडेतिकडे गरोदर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध मी, पोटावर हात दाबून, डोळे मिटून, ओठ चावत. लांबून बघणाऱ्याला कळाच सुरू झाल्यात असं वाटलं असतं.

आणि बघणारं माणूस आलंच. आमच्या विहारात दर रविवारी वंदनेला येणाऱ्या एक काकू आहेत. परभणीकडच्या, आवाज खणखणीत. त्या आपल्या गरोदर सुनेला घेऊन आत शिरल्या. आधी त्यांना आई दिसली, मग मी, मग माझे पोटावरचे हात.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "लग्नाला बोलावलंसुद्धा नाही होय आम्हाला?"

"लग्न कुठं झालंय तिचं!" आई घाईघाईनं ओरडली.

सगळ्या बाकांनी माना वळवल्या. आपण काय बोललो ते आईला उमगलं, पण तोवर माझं नाव पुकारलं गेलं होतं. आत टेबलावर ती थंडगार जेल आणि पोटावर दाबून फिरणारं यंत्र. त्या परिस्थितीत मला अब्रूची नाही, फक्त टेबलाच्या चादरीची काळजी होती.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाबांनी रिपोर्टमधला 'सिस्ट' हा शब्द वाचला होता आणि वाटेत कुणाशीही बोलले नव्हते.

"गाठी आहेत ना? ऑपरेशन करून काढून टाका, मॅडम," ते म्हणाले.

"निकालने का कुछ नहीं है, सर," बाई म्हणाल्या. "इस बीमारी का नाम इच गलत है."

मग त्यांनी कागदावर 'पीसीओएस' असं नाव लिहिलं आणि चित्र काढून समजावलं. नावात 'सिस्ट' असलं तरी या काही घातक गाठी नव्हेत. बीजकोशात बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांतली एखादी दर महिन्याला वाढते आणि तिच्यातून बीज बाहेर पडतं. माझ्याकडे त्या पुष्कळ होत्या, पण अर्ध्यावरच थांबत होत्या. बीज सुटत नाही म्हणून पाळी लांबते. पुरुषांमध्ये जास्त असणारं हार्मोन माझ्यात थोडं वाढलं होतं, म्हणून हनुवटीवर केस आणि तोंडावर पुरळ. शरीर साखरही नीट वापरत नाही, म्हणून वजन चढतं आणि पुढं मधुमेहाची भीती. समूळ जात नाही, पण ताब्यात राहतं. रोज चालायचं, भात आणि गोड कमी करायचं, आणि काही महिने गोळ्या.

"कसल्या गोळ्या?" आईनं विचारलं.

बाईंनी सांगितलं. मूल होऊ नये म्हणून बायका ज्या घेतात, त्याच. त्यांनी पाळी नियमित येते. फार दिवस पाळी न येणं गर्भाशयाच्या अस्तराला चांगलं नसतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि पर्स छातीशी घट्ट धरली. "आणि पुढं मूलबाळ?"

"होता, अम्मा. बहुत लोगों को होता. जरूरत पडी तो दवा देते."

गोळ्या आणायचं काम बाबांकडे आलं. जामबागेतला औषधवाला त्यांना वर्षानुवर्षं ओळखायचा. मी जाते म्हटलं तर आई म्हणाली, "बिनलग्नाची पोरगी ते मागणार?" शेवटी बाबा गेले, मी मागं दहा पावलांवर. दुकानात गर्दी होती. औषधवाल्यानं चिठ्ठी वाचली, पाकीट काढलं आणि सहज मोठ्यांदा विचारलं, "ये किस के वास्ते, सर?"

बाबा गडबडले. चारचौघांत मुलीचं नाव घ्यायचं नव्हतं, बायकोचं घ्यावं तर तिचं वय दुकानदाराला माहीत.

"मेरे वास्ते," बाबा म्हणाले.

औषधवाल्यानं त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे क्षणभर बघितलं, पाकीट कागदात गुंडाळलं आणि गंभीरपणे म्हणाला, "डॉक्टर बोले वैसा इच लेना, सर."

मी खांबामागं हसून हसून रडत होते. बाबा आठवडाभर त्या गल्लीतून गेले नाहीत.

तोवर काकूंनी आपलं काम केलं होतं. पुढच्या रविवारी विहारात माझ्याकडे बायका पाहत होत्या, म्हणजे चेहऱ्याकडे नाही, त्याच्या बऱ्याच खाली. वंदना संपली, चहाचे कप फिरले आणि आई उठून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"माझ्या लेकीला पीसीओएस आहे," आई म्हणाली. "पोटात बाळ नाही, बीज अडकायलंय. तिला पाळीच्या गोळ्या चालू आहेत. अजून कुणाला काय विचारायचंय?"

बाहेर व्हरांड्यातल्या पुरुषांनाही ते स्वच्छ ऐकू गेलं. बाबा चपला शोधायला लागले. त्या पायातच होत्या.

मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण मागून एक बाई हळूच म्हणाली, "आमचीची पण दोन-दोन महिने येत नाही हो. पण ती तर काडीसारखी आहे."

"बारीक पोरींना पण होतं," आई म्हणाली. डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या होत्या खऱ्या. "दाखवून घ्या."

मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. चहा गार झाला. निघताना काकूंनी आईला जिन्यापाशी गाठलं. त्यांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "माझी लेक रोज दाढी करते गं," त्या म्हणाल्या. "सासरी कळू नये म्हणून बाथरूमची कडी लावून. कोणापाशी बोलू म्हटलं." आईनं त्यांचा हात धरला आणि दोघी तिथंच पायरीवर बसल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर आई भाजी निवडताना स्वतःहून बोलायला लागली. लग्नानंतर सात वर्षं तिला मूल नव्हतं. पाळी मनाला येईल तेव्हा यायची. नांदेडला सासूनं अंगारे, पाले, उपास, सगळं करून घेतलं, आणि बाबांचं दुसरं लग्न करायचीही बोलणी झाली होती. "तेव्हा त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं," आई म्हणाली. "मलाच नावं ठेवली सगळ्यांनी."

"मग दुसरं लग्न का नाही झालं?"

"तुझे बाबा मुलगी बघायला म्हणून निघाले आणि मॅटिनीला जाऊन बसले. तीन वेळा. पोरीकडच्यांनीच नाद सोडला."

आतल्या खोलीत बाबांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

तिचंही असंच असेल असं मला वाटलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, पण घराण्यात असू शकतं, आईची साखर तपासा. साखर वाढलेलीच निघाली. आई तीन दिवस माझ्यावर रागावली होती, जणू ती मी घातली होती.

माझी पाळी गोळ्यांनी रांगेला लागली. वर्षभरानं बाईंच्या सल्ल्यानं त्या थांबवल्या. आता कधी वेळेवर येते, कधी थोडी रेंगाळते. पुरळ गेलं, हनुवटीवरचे केस अजून येतात आणि मी अजून उपटते. सकाळी आम्ही दोघी कॉलेजच्या मैदानावर चालायला जातो. मी भरभर चालते, आईला दर फेरीला कुणीतरी बाई भेटते आणि तिच्या पोरीच्या पाळीची चौकशी सुरू होते. मी दोन फेऱ्या पुढं जाऊन परत येते, तरी ती तिथंच उभी असते. "तू हो पुढं," ती हातानं खुणावते, "यांचं जरा अडलंय."