मिशीवाल्याचा खरा इतिहास

फोन वाजला तेव्हा मी अमरावतीच्या नेहमीच्या चहाटपरीवर उभा राहून चिखलदऱ्याचं धुकं सांगत होतो. धुकं इतकं दाट की मी त्यात खिळा ठोकून ओला शर्ट टांगला. ऊन पडलं तसा शर्ट धपकन खाली आला, खिळा अजून सापडलेला नाही. गोष्टीत शर्ट टांगून झाला होता, ऊन पडायचं बाकी होतं, आणि अकोल्याहून पल्लवीचा फोन. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. ऊन पाडलं, शर्ट पाडला, टपरी हसायला लागली, मग सावकाश फोन लावला. "काका, बाबा गेले," पल्लवी म्हणाली. माझ्या पाठीमागे लोक अजून हसतच होते, आणि ते तिला ऐकू जात होतं... माझा मित्र गजानन गेल्याची बातमी मी अशी ऐकली. त्याला आता काही आठवडे झाले.

गजू आणि मी अकोटच्या शाळेत एका बाकावरचे. त्याचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. लहानपणी टाके घातले, पण व्रण राहिला. पोरं त्याला काय काय नावं ठेवायची ते इथं लिहीत नाही, कारण त्यातली काही मीच शोधून काढलेली होती. मिसरूड फुटली तशी त्यानं मिशी राखली. मिशी अशी की एसटी थांबली की आधी मिशी उतरायची, मग कंडक्टर, मग गजू. पुढं त्यानं अकोल्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. ओळीनं जुने टीव्ही, समोर बाकडी, आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारणारा गजू. सगळ्या पोट्ट्यांचा जीव एकाच खेळात: तो लाल टोपीचा, मिशीवाला, ठेंगणा गडी, जो नळांतून आत-बाहेर करतो आणि अळंबीच्या छत्र्या खाऊन मोठा होतो. जगभर त्याला नावानं ओळखतात. अकोल्यात तो नुसता मिशीवाला. कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीनं वाटलेली एक लाल टोपी गजूकडं होती. ती त्यानं एकदा उन्हासाठी डोक्यावर ठेवली, आणि मला थाप सुचली.

थाप अशी. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन पाहायला एक जपानी इंजिनिअर आला. त्याला आपल्याकडचा ठेचा दिला, तो पाण्यासाठी धावत सुटला, आणि त्याला पाणी द्यायला आपला गजू, ही मिशी, ही टोपी, रुईच्या गाठींवरून उड्या मारत गेला. जपान्यानं तोंडाची आग विसरून वही काढली आणि चित्र काढलं. झाला खेळ तयार. हिशोब लावला तर गजू तेव्हा शाळेच्या चड्डीत असायला हवा, पण थापेचा हिशोब कोण लावतो? महिन्याभरात मूर्तिजापूरपासून लोक गजूला पाहायला येऊ लागले. दरवेळी सांगताना मी एकेक गाठ वाढवत गेलो. शेवटी गजू जिनिंगच्या छपरावरून उडत होता आणि जपानी रडत होता. गजू गल्ल्यामागं बसून हसायचा. निदान मला तसं वाटायचं. मिशीखाली तोंड काय करतंय ते कुणाला कधी दिसलं?

त्याच्याजवळ खरा इतिहास होता, आणि तो त्याला माझ्या सगळ्या थापांहून प्रिय होता. कुठल्याशा मासिकात वाचून त्यानं तो पाठ केलेला. मिशीवाला आधी सुतार होता. त्याला नावही नव्हतं. माकडानं फेकलेल्या पिंपांवरून उड्या मारायच्या, एवढंच काम. नळाची कामं मागून आली, नाव एका गोदामाच्या मालकावरून पडलं. आणि चेहरा? त्या वेळी पडद्यावर ठिपकेच मोजके. गजू पोट्ट्यांना टीव्हीला नाक लावायला लावायचा, मग म्हणायचा, "आता मांगं सर. अजून. दिसला?" जवळून नुसते चौकोन, मागं सरलं की माणूस. तो सांगायचा, "केस जमेना म्हून टोपी देल्ली. तोंड काढाले जागाच नोती, म्हून मिशी देल्ली." इथवर आला की मी मध्ये घुसायचो आणि जपान्याला ठेचा चारायचो. एकदाच, दुकान रिकामं असताना, तो माझ्याकडं न पाहता म्हणाला, "लपवाले नाई देल्ली रे त्याले मिशी. चेहरा दिसाले देल्ली." मी म्हटलं, "हाव ना बाप्पा," आणि चहा सांगितला.

दुकान पुढं बंद पडलं, मोबाइलनं सगळ्यांचीच दुकानं गिळली. टोपी आणि मिशी राहिली. लग्नाकार्यात लोक त्याला उडी मारून दाखवायला सांगायचे, गुडघे गेल्यावरसुद्धा. तो मारायचा. मीच आग्रह करायचो.

शेवटची भेट दवाखान्यात. नाकातली नळी चिकटवायला त्याची मिशी काढलेली होती. मी आत गेलो तशी त्यानं चादर नाकापर्यंत ओढली. शोभावहिनी, त्याची बायको, खिडकीकडं पाहू लागल्या. मी जे नेहमी सुचतं तेच बोललो... "लेका, जपानवाले केस करतील आता तुह्यावर." चादर थोडी हलली. मग तो चादरीतूनच म्हणाला, "एक डाव खरं सांगजो लोकाईले." मी विचारलं, काय खरं? "मिशीचं. मले चांगलं नाई सांगता येत. तू सांगशीन तर आयकतीन." मी त्याच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

तेरवीला पंगत उठल्यावर लोक बसले. मला बोलायला उभं केलं. खरं सांगतो, मी मिशीवाल्यापासूनच सुरुवात केली. ठिपके कमी होते, असं म्हणालोही. लोक गंभीरपणे ऐकत होते, कुणी घड्याळ पाहिलं, आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "भाऊ, तो जपानी येऊ द्या ना." सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं, आणि माझी जीभ माझ्या हातात राहिली नाही. जपानी आला. ठेचा आला. गजू रुईच्या गाठींवरून उडाला, आणि त्या दिवशी तर मी त्याला थेट नरनाळ्याच्या किल्ल्यावर नेऊन उतरवला. लोक हसून हसून डोळे पुसत होते. असा मयताचा कार्यक्रम पाहिला नाही, असं मला दोघांनी येऊन सांगितलं. मी खाली बसलो तेव्हा वहिनी पाण्याचा गिलास घेऊन आल्या. "वहिनी, मी सांगणार होतो..." मी म्हणू लागलो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी. सवय हाये तुमाले."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून वर जो इतिहास लिहिला आहे तो छापून यावा अशी माझी इच्छा आहे. त्यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. अकोटला कुठलाही जपानी आला नव्हता.

गेल्या रविवारी अकोल्याला गेलो. गजूनं दुकानातला एक टीव्ही घरी ठेवला होता. पल्लवीला म्हटलं, लाव गं. तिनं कॅसेटमध्ये बापासारखीच फुंकर मारली. पडदा उजळला. मी गुडघे टेकून काचेला नाक लावलं. चौकोन, लाल, मातकट, काळे. त्यात माणूस कुठंच नव्हता.

"मांगं सरा काका," पल्लवी म्हणाली.

मी सरकलो.

"अजून."

पाठ भिंतीला टेकली. तिथं खिळ्याला बियाण्याच्या कंपनीची टोपी होती, ती खांद्यावर पडली. मी ती तशीच राहू दिली.

"दिसला?" तिनं विचारलं.