रुथेनियमसाठी आणलेलं पाणी

आबा प्रयोगशाळेच्या दारात उभे होते, हातात पाण्याचा कॅन. आमच्या तेर गावाहून धाराशिवपर्यंत एसटीत त्यांनी तो मांडीवर धरून आणला होता.  आईचं काही झालं का, मी विचारलं.

"न्हाय, तसं कायबी न्हाय," ते म्हणाले. "आपल्या हिरीचं पानी आणलंय. तुझ्या औषधाला."

आदल्याच आठवड्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी आईचे उपचार थांबवून तिला घरी पाठवलं होतं. पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. तेव्हापासून आबा हात धुऊन माझ्या मागं लागले होते. तू कॅन्सरच्या औषधावरच काम करतेस ना, मग बोल की! शेवटी मी सांगितलं. रुथेनियम नावाचा धातू आहे, त्याला क्लोराइड चिकटलेला असतो. पाण्यात पडला की क्लोराइड उठतो, त्याच्या जागी पाणी बसतं. पाणी सैल बसतं, म्हणून मग दुसरा रेणू येऊन ती जागा घेऊ शकतो. असा जो धातूला धरून बसतो त्याला आम्ही लिगँड म्हणतो. कॅन्सरच्या पेशीतल्या रेणूनं ती जागा घ्यावी, एवढीच आमची धडपड.

आबांनी यातून एकच गोष्ट उचलली: सगळं पाण्यावर आहे. जन्मभर मेंढरं घेऊन फिरलेला माणूस. कुठल्या गावचं पाणी मानवतं आणि कुठलं बाधतं, यावर त्यांचा मुक्काम ठरायचा. सोलापूरची औषधं आईला लागू पडली नाहीत, कारण तिथलं पाणी परकं, असं त्यांनी मनाशी धरलं.

मला त्यांचा भयंकर राग आला. माझं संयुग अजून उंदरापर्यंतही पोचलेलं नाही, हे किती वेळा सांगायचं? आणि त्या विहिरीच्या पाण्यात साधी डाळ शिजत नाही, आई डाळीपुरतं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायची. पण मी "ठेवा" म्हणाले, चहा पाजला आणि त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं.

कॅन टेबलाखाली पायाला लागत राहिला. शेवटी एका सकाळी ते पाणी गाळलं आणि माझ्या संयुगाची चिमूटभर नारिंगी पूड त्यात टाकली. उत्तर आधीच ठाऊक होतं, तरी टाकली. शुद्ध पाण्यात क्लोराइड उठत जातो तशी यंत्राच्या पडद्यावरची रेघ दुपारपर्यंत सरकते. इथं ती संध्याकाळपर्यंत जवळजवळ जागची हलली नाही. पाणी खारं, त्यात मिठाचा क्लोराइड आधीच भरलेला, त्यामुळे धातूवरचा क्लोराइड उठायला तयार नव्हता. रक्त तर त्याहून खारं. तिथं एखादा कण मोकळा झालाच, तर रक्तातली प्रथिनं त्याला वाटेतच धरतात. गाठीपर्यंत पोचायचं कुणी? माझी इतकी वर्षं याच प्रश्नात गेली, आणि आईकडे आता वर्षं नव्हती.

रविवारी घरी गेले. आई बाजेवर पडून होती, हातांच्या नुसत्या काड्या झालेल्या.

"आपलं पानी मानवलं का गं तुझ्या औषधाला?"

आबा दारातच थबकले.

"मानवलं," मी म्हणाले.

"मग घाई करू नगंस," आई म्हणाली. "नीट कर. मी हाय."

सकाळी निघाले, तर आबांनी दुसरा कॅन काठोकाठ भरून उंबऱ्याशी ठेवला होता. नको म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. धाराशिव येईपर्यंत मी तो एसटीत मांडीवर धरून बसले.