त्या आजारी बंधूची बायको

चूक आधी कबूल करतो. लघवीच्या पिशवीत गाठ आहे, असे जळगावच्या डॉक्टरांनी मला सांगितले. त्या दिवशी मी धुळ्याला घरी आलो, जेवलो आणि बायकोला काही बोललो नाही. पुढचे पाच आठवडेही नाही.

सुरुवात लघवीतून रक्त जाण्याने झाली. दुखत नव्हते, म्हणून मी ते उष्णतेवर ढकलले. तुम्ही तसे करू नका. एकदाच रक्त दिसले तरी तपासून घ्या.

सोनोग्राफीनंतर सिस्टोस्कोपी झाली. म्हणजे लघवीच्या मार्गाने बारीक कॅमेरा घालून पिशवी आतून पाहतात. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून गाठ काढू, बायोप्सीला पाठवू. कॅन्सर आहे का, ते तुकडा तपासल्यावरच कळेल. उशीर करू नका."

मी उशीर केला. धुळ्यात दाखवलेच नाही, कारण तिथल्या दवाखान्यांत आमच्या चर्चमधल्या कितीतरी बहिणी नर्स आहेत. दुपारपर्यंत माझ्या बायकोला, शोभनाला, कळले असते. चर्चमध्ये मी लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग घेतो. पती हा कुटुंबाचे मस्तक, हे शिकवता शिकवता मस्तकाने घाबरायचे नसते असे मीच त्यात घालून टाकले होते. ऑफिसचे काम सांगून मी जळगावची एसटी धरायचो.

पण भीती एकट्याला पेलेना. एका रविवारी प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकली : एका आजारी बंधूसाठी प्रार्थना करावी. नाव घातले नाही. पाळकांनी ती उपासनेत वाचली आणि शोभनाने वहीत उतरवून घेतली.

त्या दिवसापासून घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ती रोज म्हणायची, "प्रभू, त्या बंधूला बरं कर. त्याच्या बायकोला धीर दे." मी शेजारी बसून आमेन म्हणायचो. इतका एकटा मी तपासणीच्या टेबलावरही नव्हतो.

एकदा तिने विचारले, "कोण असेल हो? त्याच्या बायकोला डबा तरी देऊन आले असते."

"ते गुप्त असतं," मी म्हणालो.

जळगावच्या दवाखान्यात बाकावर एक म्हातारी पेशंट होती, शेजारी तिचा नवरा. मी एकटाच दिसलो म्हणून अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तुमना संगे कोनी नई शे? हाऊ बुढा तं माले संडासलेबी एकली जाऊ देत नई!" म्हातारा लाजून हसला. मला हसता आले नाही.

आत डॉक्टरांनी सांगितले, "ऑपरेशनला घरचं माणूस आणा. सही लागेल."

"मिसेसना कशाला त्रास?"

"त्यांना विचारलंत का?"

त्या संध्याकाळी शोभना वही उघडत होती, तेव्हा मी सांगितले, "तो बंधू मीच."

तिने वहीतली ती ओळ बोटाने शोधली. मग म्हणाली, "इतके दिवस मी त्याच्या बायकोची कीव करत होते." आणि वही मिटून, "आजारपणात साथ देईन, असं वेदीपुढे मीही बोलले होते. तुम्ही मला ते करूच दिलं नाही."

ऑपरेशनला ती एसटीत सोबत आली, पण मागच्या सीटवर बसली. सही तिनेच केली. बायोप्सीत कॅन्सर निघाला; मात्र तो वरच्या थरातच होता, स्नायूपर्यंत गेला नव्हता. पुढे सहा आठवडे, दर आठवड्याला पिशवीत औषध सोडायचे ठरले. खाटेवर पडून ते दोन तास आत धरून ठेवायचे आणि मधूनमधून कूस बदलायची. शोभना घड्याळ पाहून एवढेच म्हणायची, "वळा आता." बाकी बोलणे नाही. मी दर वेळी खुलासा द्यायचो : तुला काळजी नको म्हणून लपवलं. ती ऐकून घ्यायची.

माणसाने एकटे राहू नये म्हणून देवाने लग्न दिले, हे मी किती जोडप्यांना शिकवले असेल. शिकवताना मी स्वतःला त्यात धरलेच नव्हते. दुबळे होऊन कुणाच्या हाती पडणे हाही त्या नात्याचा हेतू आहे, हे मला त्या खाटेवर कळले.

चौथ्या डोसला तिने "वळा" म्हटले, तेव्हा मी तिच्याकडे वळलो.

"शोभना, तुला काळजी नको, हे कारण खोटं होतं. मला तुझ्यापुढे लहान व्हायचं नव्हतं. म्हणून मी तुला परकं केलं, तुझ्या प्रार्थनेतसुद्धा. माझं चुकलं. मला क्षमा कर."