कडुलिंबाच्या दोन फळ्या

“आई, मामाकडं ते आंब्याचं लाकूड हाय का अजून?”

लेकीने पुण्याहून फोनवर हे विचारलं तेव्हा मला वाटलं, पोरगी पलंग करून घेणार. नोकरी लागून तिला काही वर्षं झाली होती, दोन मैत्रिणींसोबत भाड्याने फ्लॅट घेतला होता. म्हटलं, घर लावतेय. पण तिला त्या लाकडाची बेस गिटार करून घ्यायची होती.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. आमच्या गल्लीत जयंतीला गायनपार्टी यायची, तिच्यात एक जण वाजवायचा. बाकीची पोरं गायकाच्या पुढ्यात नाचायची आणि माझी लेक स्पीकरच्या पेटीला पाठ लावून उभी राहायची. “पोटात वाजतंय, आई,” म्हणायची. तिचे वडील ती बालवाडीत असतानाच गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरात आम्ही दोघीच. बारावी झाली आणि ती पुण्याला गेली. आता दिवसा कंपनीत काम आणि शनिवार-रविवारी चार पोरींच्या बँडमध्ये ही बेस. बाजारातली गिटार होतीच तिच्याकडे. पण पुण्यात गिटारी बनवणारा एक जण तिला भेटला होता. तो म्हणाला, तुमच्या भागातलं वाळलेलं लाकूड आणा, मी करून देतो.

“इथं नाही का मिळत लाकूड?” मी विचारलं.

“मिळतं की. पण मला आपल्याकडचं पाहिजे.”

‘आपल्याकडचं’ हा शब्द तिच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. दुसऱ्याच रविवारी सिरसाळ्याला भावाकडे गेले.

भावाच्या विहिरीवरचा आंबा दुष्काळात वाळला होता. तो पाडून त्याने फळ्या काढून आणल्या होत्या आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या होत्या. दार करायचं त्याच्या मनात होतं, पण लोखंडी दार स्वस्तात मिळालं आणि फळ्या तशाच राहिल्या. मी गिटारीचं सांगितलं तसा तो हसायला लागला.

“आंब्याचं लाकूड वाजतं व्हय?”

“ढोलकी वाजती की आंब्याची.”

“मग ने बाई. भाचीसाठी न्हाई म्हनलो तर ती बोलायची न्हाई माझ्याशी.”

लेकीने सांगितलं तसं मी बघत होते. गाठ नको, तडा नको, शिरा सरळ पाहिजेत. एक रुंद फळी मला आवडली. ओल्या फडक्याने पुसली तर आतून पिवळसर रंग आला. गोणपाटात गुंडाळून ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवली. त्या आठवड्यात लेक रोज फोन करत होती. एरवी आमचं बोलणं ‘जेवलीस का, झोप आता’ एवढ्यावर संपायचं. आता ती लाकडाविषयी बोलायची. धड कशाचं, मान कशाची, वजन किती हवं. मला निम्मं कळायचं नाही, तरी मी मध्येमध्ये विचारत राहायचे, म्हणजे ती आणखी बोलेल.

फळी किडकी निघाली.

कारागिराने रंधा मारला तर आत बारीक बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा. लेक फोनवर रडवेली झाली होती. भावाला सांगितलं तर तोही हिरमुसला. “वरून तर लई नीट दिसत व्हती,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी दोघांची समजूत काढली. पण त्यानंतर लेक म्हणाली, “आता मीच येते. आपण दोघी मिळून बघू,” आणि मला एकदम बरं वाटलं. त्या किड्यांचा रागच आला नाही. मी लगेच गादी उन्हात टाकली.

ती आली ती केस बारीक कापून. दारातच मी म्हणाले, “हे काय केलंस?” तिने पाया पडायला वाकत विचारलं, “वाईट दिसतंय?” वाईट दिसत नव्हतं. तिच्या वडिलांसारखा चेहरा दिसत होता. मी पाणी आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवरून आम्ही निघालो. गाडी ती चालवत होती, मी मागे. लहानपणी हीच पोरगी माझ्या पाठीला गाल लावून झोपायची. वाटेत तिने दोन वखारी बघितल्या. एकीकडे सगळं बाहेरून आलेलं सागवान. दुसरीकडे बाभळीचे ओंडके होते, पण ते इतके जड की ती म्हणाली, “हे गळ्यात अडकवलं तर मी वाकडीच होईन.” शेवटी दिंद्रुडच्या वखारीत गेलो. मालक गल्ल्यावरून उठलाच नाही.

“काय पाहिजे मॅडम? दिवाण करायचाय का?”

“गिटार करायचीय,” लेक म्हणाली.

“मग पुण्याला जा की. हितं कावून आल्या?”

“पुण्याहूनच आलेय.”

मालकाला हसू आलं. त्याने मागच्या पत्र्याच्या शेडकडे हात केला. तिथे कडुलिंबाच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. कुणीतरी घराच्या चौकटीसाठी कापून घेतल्या आणि नेल्याच नाहीत. लिंब इथल्याच रस्त्यावरचा. रस्ता रुंद करताना झाडं तोडली तेव्हाचा. तो रस्ता आमच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. आता तिथे सावलीचं नावही नाही.

लेक एकेक फळी उचलायची, वरच्या टोकाला दोन बोटांत धरून लोंबती ठेवायची आणि बोटाच्या पेराने ठोकायची. मग कान लावायची. एक फळी ठोकली आणि ती थांबली. पुन्हा ठोकली.

“आई, ऐक.”

मी कान लावला. ठक् असा आवाज न येता थोडा वेळ घुमणारा, गोल आवाज आला. मी मान डोलावली. तिने आणखी एक तशीच शोधून काढली. दोन्हींचा गाभा तांबूस, शिरा सरळ. तिचं काम झालं होतं.

“ही जरा वाकडी वाटते गं,” मी म्हणाले.

तिने फळी डोळ्यासमोर धरून पाहिली. “नाही वाकडी.”

“मग उद्या माजलगावला बघू एकदा. तिकडंही वखारी हायत. घाई कशाला?”

तिने फळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. “आई, लाकूड चांगलं हाय. तुला मला ठेवून घ्यायचंय.”

मी पदराने हातावरचा भुसा झटकत राहिले. मालक समोर होता म्हणून बरं, नाहीतर तिथेच रडले असते. तिने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मालकाला म्हणाली, “काका, ह्या दोन बांधून ठेवा.” मग मला म्हणाली, “उद्या जाऊ माजलगावला. मानेसाठी शिसम बघायचंच हाय.”

शिसम माजलगावात मिळालं. बोटं फिरतात ती वरची पट्टी मात्र बाभळीची झाली. भावाला आंब्याचं इतकं लागलं होतं की ट्रॅक्टर आल्यापासून मोडून पडलेल्या बैलगाडीची दांडी तो स्वतः घेऊन आला. “ही किडायची न्हाई,” एवढंच म्हणाला आणि चहा पिऊन गेला. उद्या जाणार, उद्या जाणार करत लेक आणखी एक दिवस राहिली. मग गेली. गादी मी बरेच दिवस उचलली नाही.

गिटार व्हायला खूप महिने लागले. झाली त्या दिवशी तिने फोन केला, मोबाइल समोर ठेवला आणि वाजवून दाखवलं. मला तारेवर बोट लागल्याची नुसती टकटक ऐकू आली.

“कशी वाटली?”

“छान हाय.”

“खोटं नको बोलू. फोनात खालचा आवाज येत नाही. कंपनीतून सुट्टी मिळाली की घेऊन येते.”

सुट्टी मिळाली नाही. दिवाळीत बँडचा कार्यक्रम, मग कंपनीचं काहीतरी. मी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मीच पुण्याच्या एसटीत बसले. सोबत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी.

तिच्या खोलीत मी खाली गादीवर बसले. तिने गिटार गळ्यात घातली, वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. आवाज कानाआधी फरशीतून आला. मांडीखाली, मग पाठीत. लिंबाचा तांबूस रंग तेल लावून गडद झाला होता. ती डोळे मिटून वाजवत होती. मी म्हटलं, हळू वाजव, मग ती हळू वाजवत राहिली. मी कधी आडवी झाले मला कळलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा ती ऑफिसला गेली होती. ‘भात कुकरमध्ये हाय, सहापर्यंत येते,’ असा मोबाइलवर मेसेज होता. गिटार स्टँडवर उभी होती. मी उठून जवळ गेले. तिची जाड तार एका बोटाने ओढली. वायर नव्हती, बारीकसा आवाज आला आणि विरला. मग भात गरम न करताच खाल्ला, आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून सहा वाजायची वाट बघत बसले.