सरकीएवढी फट

"मी बसली की आवाज येते, तं मले बसवताच कायले?" गाडीवरून उतरता उतरता भागीरथा म्हणाली.

"आवाज यावा म्हणूनच बसवतो," भगवानराव म्हणाले. "तो आलाच नाई तं कुठून येते हे समजीन कसं?"

"म्हणजे मी आवाज काढाचं यंत्र."

"तसं नाई वं. तुह्या वजनानं..."

"वजनाचं नाव काढू नका सांगतो."

पण नाव निघालं होतं, तेही गल्लीत, रविवारी सकाळी, ओट्यावर प्रेमसिंग चहा पीत बसलेला असताना. प्रेमसिंग जवळच्या तांड्यावरचा. आपली बंद पडलेली येझदी मोटारसायकल त्यानं आठ दिवसांपासून भगवानरावांच्या दारात आणून उभी केली होती. या गाडीचं काय होतं ते बघून आपली त्यांच्या हाती द्यावी की नाही, हे तो ठरवणार होता. त्यानं बशी तोंडाला लावून हसू लपवलं.

सकाळपासूनची ही चौथी फेरी. गल्लीतून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत यायचं. सरळ रस्त्यावर गाडी मांजरासारखी चालायची. टाकीचं वळण आलं की पुढच्या चाकातून कर्र, कर्र. भगवानराव एकटे गेले की आवाज नाही. मागे भागीरथा असली की हमखास.

दारात गोपाल उभा होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात नोकरीला होता आणि गुरुवारी ट्रॅव्हल्सनं गावी, नेरला आला होता. येताना सोमवारची तीन तिकिटं घेऊनच आला होता, एक स्वतःचं आणि दोन आईबाबांची. पोरगा वाईट नव्हता. गावातली कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून बाप मिळेल त्या कामावर दिवस काढतो आहे, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. त्याच रात्री बापानं शब्द दिला होता, "रविवार संध्याकाळपर्यंत ही गाडी बिनआवाजाची दारव्ह्याले जाऊन आली, तं मी इथंच दुकान टाकतो. नाई आली, तं सोमवारी तुह्या गाडीत बसतो. जन्मभरासाठी."

बापलेकांचं हे ठरलं तेव्हा भागीरथा समोरच तांदूळ निवडत होती. तिला कोणी विचारलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी भांडी पोत्यात भरायला घेतली. अर्धी भरली आणि तशीच ठेवली.

भगवानराव जिनिंगमध्ये फिटर होते. चाळीस मशीन एकदम चालू असताना कुठल्या मशीनचं बेअरिंग रडतंय, हे पेचकसाची मूठ कानाला लावून सांगणारा माणूस. सीझनमध्ये दारव्हा, दिग्रसपर्यंतच्या जिनांतून बोलावणं यायचं. त्यासाठीच त्यांनी कापसाची प्रत ठरवणाऱ्या एका ग्रेडरकडून जुनी राजदूत मोटारसायकल घेतली होती. मशीनच्या पात्यांमधली फट लावायला मापाच्या गेजपट्ट्या मिळत, पण भगवानरावांनी त्या कधी वापरल्या नाहीत. त्यांच्या तंबाखूच्या डबीत कायम चार सरक्या असत. "कापूस सरकीपासून सोडवायचा ना? मंग माप सरकीचंच," असं ते म्हणत. ज्या फटीतून सरकी धक्का न लावता निघेल ती फट बरोबर. तीस वर्षं हे माप चुकलं नाही.

मग कापसाचे दिवस फिरले. सहा महिन्यांचा सीझन चारांवर आला, चारांचा दोनांवर. कापसाच्या गाड्या दुसरीकडच्या मोठ्या प्रेसकडे जाऊ लागल्या आणि एका वर्षी फाटक उघडलंच नाही. मालकानं भगवानरावांना चौकीदार म्हणून ठेवलं. दोन महिने त्यांनी बंद मशीनची राखण केली आणि घरी येऊन सांगितलं, "जे वाजतच नाई ते ऐकाले फिटर कायले पायजे?" त्यानंतर सात वर्षं मिळेल ते काम केलं, पंपाच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, शिवणयंत्रं. राजदूत मागच्या टिनाच्या छपराखाली पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगाला टेकून गंजत राहिली.

मागच्या दिवाळीनंतर ते यवतमाळला कशाला तरी गेले आणि भंगारवाल्याच्या दुकानात एका मोडलेल्या स्पोर्ट्‌सबाईकसमोर तासभर उभे राहिले. बसच्या वेळेला रिकाम्या हातानं परतले. रात्री जेवताना घास हातात धरून म्हणाले, "तिचा ब्रेक तबकडीचा हाय. चाळणीवानी भोकं हायेत तिले." दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतमाळ. संध्याकाळी बसच्या टपावरून मांडीएवढे जाड पुढचे दांडे, ती तबकडी आणि मागची एकुलती एक तगडी स्प्रिंग उतरवून घेतली.

बैठकीतला दिवाण भिंतीला सरकला आणि त्याच्या जागी राजदूत आली. कणकेची परात रॉकेलमध्ये पुर्जे धुवायला गेली ती परतलीच नाही. भागीरथा रोज कटकट करायची आणि रोज त्याच खोलीत दोनदा झाडू मारायची. झाडता झाडता विचारायची, "भोकं कायले?"

"तापलेली हवा निघून जावी म्हणून."

"तव्याले असती तं पोळी जळली नसती," असं म्हणून ती निघून जायची आणि थोड्या वेळानं पुन्हा झाडू घेऊन यायची. जुन्या ब्रेकची तार होती, नव्याचं तेल होतं. बोटभर नळीतलं तेल चाक कसं थांबवतं, हे तिला तीन दिवस कळलं नाही. चौथ्या दिवशी तिनं स्वतः मूठ दाबून पाहिली, भगवानराव आंघोळीला गेले असताना.

नवं चाक मात्र त्यांनी घेतलं नाही. राजदूतचं चाक आऱ्यांचंच राहील, असा हट्ट. लेथवर पट्टी कातून तबकडी जुन्या चाकावर बसवली. तबकडीला चिमटीत धरणारा ब्रेकचा जबडा, म्हणजे कॅलिपर, आऱ्यांना अगदी खेटून आला. मधली फट त्यांनी सरकी घालून लावली. प्रेमसिंग म्हणाला होता, "भगवानदा, तोंड जवान पोराचं, पोट बुढ्याचं. नांदतीन का हे दोघं?"

नांदत होते. टाकीच्या वळणापर्यंत.

"बाबा, मी बसतो मागे," गोपाल म्हणाला. "माझं वजन ब्याऐंशी आहे. आईपेक्षा जास्त."

"ब्याऐंशी," भागीरथा प्रेमसिंगकडे बघून म्हणाली. "आयकलं ना?"

गोपाल मागे बसला. गाडी टाकीला वळसा घालून आली. दोघांची तोंडं उतरलेली होती. आवाज आला नव्हता.

भगवानराव ओट्यावर टेकले. आवाज आला असता तर बरं झालं असतं, असा त्यांचा चेहरा. वजनाचा दोष असता तर स्प्रिंग आवळली असती. आता दोष कुठे शोधायचा? घड्याळात साडेदहा वाजले होते.

भागीरथेच्या मनातून मात्र वजन उतरलं आणि तिचं डोकं चालू लागलं. ब्याऐंशी किलोला वाजत नाही, मला वाजतं. माझ्यात आणि पोरात फरक काय? ती गाडीच्या सीटकडे बघत राहिली.

"गोपाल, मह्यासारखा बस."

"म्हणजे?"

"म्हणजे बायायसारखा. दोन्ही पाय एका अंगाले."

"आई, काहीतरीच काय."

"पुण्याच्या पोरी बसत असतीन दोन्हीकडं पाय टाकून. मी नवारी नेसून एकाच अंगाले बसतो. सारा भार तिकडं जाते. तुहे बाबा मंग हँडल दाबून धरतेत, मले मागून दिसते ना."

"लुगडं आणू का घरून?" प्रेमसिंगनं विचारलं.

गोपालनं गल्लीत दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि एका अंगाला बसला, बापाची कंबर घट्ट धरून. समोरच्या घरातली वच्छलाबाई हातातलं सूप तसंच धरून दारात आली. गाडी गेली. टाकीच्या वळणावरून आवाज गल्लीपर्यंत आला. कर्र, कर्र, कर्र.

भगवानराव परतले ते हसतच. गाडी स्टँडला लावून ते सरळ जमिनीवर आडवे झाले आणि चाक बाजूला दाबून पाहू लागले. "कलतं झालं की आरे जबड्याले घासते. पण घासाले नाई पायजे. फट बरोबर हाय, हे पाय." डबीतून सरकी काढून त्यांनी फटीतून घातली. सरकी अलगद पलीकडे पडली. "जाते का नाई? पुरी जाते."

भागीरथेनं पडलेली सरकी उचलली. बोटात फिरवली.

"हे कुठली?"

"प्रेमसिंगच्या वावरातली. जुन्या सरक्या उंदरायनं खाल्ल्या."

"औंदाची?"

"व्हय. पाकिटाचं बियाणं," प्रेमसिंग म्हणाला. "सरकीले काय झालं?"

ती आत गेली. देव्हाऱ्याखाली तिचा वातीच्या कापसाचा डबा होता. जिनिंग बंद झालं त्या शेवटच्या सीझनचा, भगवानरावांनी पिशवी भरून आणलेला जुन्या वाणाचा कापूस. पिवळा पडला होता, पण ती जपून वापरायची. रोज सकाळी सरकी काढायची आणि दोन वाती वळायची. मागं एकदा प्रेमसिंगकडचा नवा कापूस घेऊन पाहिला होता, तेव्हा बोटांना सरकी बारीक लागली होती. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी आहे असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

तिनं दोन्ही सरक्या तळहातावर ठेवून नवऱ्यासमोर धरल्या. भगवानराव आडवेच होते. त्यांनी चष्मा पुसला. मग जुनी सरकी उचलून फटीत घातली. ती मध्येच अडकली. बोटानं ढकलली, तरी हलली नाही.

प्रेमसिंगनं ओट्यावरून उतरून वाकून पाहिलं. चेष्टा मात्र केली नाही.

"तीस वर्षं," भगवानराव छताकडे बघावं तसं आभाळाकडे बघत म्हणाले, "मी मशीन बदलली, पाते बदलले, पट्टे बदलले. सरकी बदलत असते हे ध्यानातच नाई आलं."

"तुमी वाती कुठं वळता," भागीरथा म्हणाली. "उठा आता. दारव्हा बाकी हाय."

तबकडीखाली आणि जबड्याखाली एकेक वायसर, म्हणजे पातळ चकती, घालायचा होता. मापाची पत्री घरात नव्हती. भागीरथेनं पोत्यातून स्टीलच्या जुन्या डब्याचं झाकण काढून दिलं. ते पोतं पुण्याला जाणाऱ्या भांड्यांचं होतं, हे गोपालनं पाहिलं. दोन वाजता जुनी सरकी फटीतून धक्का न लागता निघाली.

अडीचला दोघं दारव्ह्याला निघाले. ती एका अंगालाच बसली. टाकीचं वळण आलं तेव्हा तिनं श्वास धरला, आणि वळण निघून गेलं. मग पुढच्या प्रत्येक वळणावर ती कान देऊन राहिली. तिला इंजिनाची जुनी टकटक ऐकू आली, आपल्या बांगड्या ऐकू आल्या, वाऱ्यानं फडफडणारा पदर ऐकू आला. जिनिंगच्या फाटकासमोर भगवानराव नेहमी गाडी हळू करत, सायकलवर असले तरी. आज केली नाही. तिनं वळून पाहिलं, कुलपावर वेल चढला होता.

तिला एकदा गोपालकडे जाऊन काढलेले पुण्याचे पंधरा दिवस आठवले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, सगळं चकचकीत. मिक्सर बिघडला तर पोरगा नवा आणायचा. काय बिघडलं, कशानं बिघडलं, हे तिथं कोणी विचारत नव्हतं. तिला तर नाहीच.

दारव्ह्याला चहा प्यायले आणि उन्हं उतरायच्या आत परत आले. ओट्यावर गोपाल आणि प्रेमसिंग वाटच बघत होते.

"काय मग?" गोपालनं बापाला विचारलं.

भगवानरावांनी गाडी स्टँडला लावली. "तुह्या आईले इचार. कान तिचेच होते."

भागीरथा उतरली, पदर सारखा केला. सगळे तिच्याकडे बघत होते. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण असं सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघण्याची तिला सवय नव्हती.

"आवाज नाई आला," ती म्हणाली. "उद्या दिवाण मागच्या खोलीत जाईन अन् बैठकीत प्रेमसिंगभाऊची गाडी येईन. परात राहू द्या तुमाले, मी कणकेसाठी नवी आणतो. गोपाल, तुहं तिकीट ठेव, आमची दोन वापस कर. आमी येऊन नाई राह्यलो."